वॉकिंग ट्रॅकवरून रोहित (फ्लेमिंगो), निवट्या आणि कोल्हा बघायचा असेल तर

मी नेरुळला राहते आणि गेली सात-आठ वर्षं सकाळी खाडीकडच्या ट्रॅकवर चालायला जाते. त्यातली पहिली चार वर्षं मला तिथे कावळे, घारी आणि कुत्रे सोडून काहीही दिसलं नाही, खोटं नाही सांगत. कानात इअरफोन, मनगटावर घड्याळ, दहा हजार पावलं झाली की घरी. लोक सांगायचे इथे अमुक पक्षी दिसला, तमक्याने कोल्हा बघितला, तर मला वाटायचं फेकतायत.

डोळे उघडले ते अमेरिकेत, ताईकडे गेले तेव्हा. ती राहते मिसुरी राज्यात सेंट चार्ल्सजवळ. एक दिवस म्हणाली चल तुला आमची रेल्वे दाखवते, आणि जाऊन बघते तर स्टेशन आहे, पूल आहेत, मैलाचे दगड आहेत, पण रूळ गायब! नुसता बारीक चुनखडीचा रस्ता आणि त्यावर सायकलवाले. त्याला केटी ट्रेल म्हणतात. मिसुरी-कॅन्सस-टेक्सस अशी एक रेल्वे कंपनी होती, तिची ही लाईन, १९८६ च्या पुरात ठिकठिकाणी वाहून गेली, कंपनीने ती सोडून दिली आणि सरकारने रूळ काढलेल्या त्या पट्ट्यावर चालायची-सायकलची वाट केली, पहिला तुकडा १९९० मध्ये उघडला. आज ती जवळजवळ ३८६ किलोमीटर लांब आहे, बराचसा भाग मिसुरी नदीच्या कडेकडेने जातो.

तर भाऊजी तिथे चालायचे कसे माहितीये, दहा मिनिटं चालायचे आणि पुढचा छोटा पूल आला की दहा मिनिटं नुसते कठड्याला टेकून उभे. मी पहिल्या दिवशी वैतागले. म्हटलं भाऊजी, असं चाललो तर जेवायची वेळ होईल. ते म्हणाले, "अगं चालून काय दिसणार आहे, तू हललीस की ते लपणार, तू थांबलीस की ते हलणार." तिसऱ्या पुलावर पाण्यात ओंडका होता त्यावर ओळीने कासवं बसलेली होती, आणि मी दोन मिनिटं त्यांच्याकडे बघत होते तरी मला त्या ओंडक्याच्या गाठी-बिठी वाटल्या होत्या. त्यातल्या एकाने मान काढली तेव्हा कळलं. त्याच दिवशी पांढऱ्या शेपटीची हरणं बघितली, एक हा एवढा मोठा निळसर बगळा बघितला, आणि परत येताना विमानात बसल्या बसल्या ठरवलं की नेरुळला हेच करून बघायचं.

म्हणून हे लिहितेय. आपल्याकडे रूळ काढून केलेली अशी वाट ठाण्यात किंवा नवी मुंबईत नाहीये (आणि गंमत म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला आपल्या ठाण्यालाच आली होती, बोरीबंदरहून, ३४ किलोमीटर), पण खाडीकडेच्या आपल्या वाटा स्वभावाने तशाच आहेत.

स्वभावाने म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हे कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. आगगाडीला चढ झेपत नाही. त्यामुळे लाईन टाकताना जिथे खळगा तिथे भराव, जिथे उंचवटा तिथे कापणी, आणि पाण्याचे ओहोळ आले की खालून मोरी. भरावासाठी माती कडेचीच उकरतात, मग दोन्ही बाजूंना चर तयार होतो, त्यात पाणी साठतं, पाण्यावर गवत, गवतावर किडे, किड्यांवर बेडूक आणि त्यांच्यावर साप-बगळे. वर तुम्ही सपाट कोरड्या जागेवर, दोन्हीकडे खाली सगळा बाजार भरलेला. आपला खाडीकडचा ट्रॅक बघा, तोही भरावच आहे, बांधच. एका बाजूला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि चिखल, दुसऱ्या बाजूला तलाव नाहीतर पाणथळ, मधे मोऱ्या. फक्त वरून आगगाडी कधी गेली नाही एवढंच.

तेव्हा पहिला नियम, मोरीवर थांबा. ट्रॅकच्या मधे नाही, बेंचवर नाही, वळणावरच्या सेल्फी पॉइंटवर तर मुळीच नाही. जिथून पाणी ये-जा करतं तिथे मासे जमतात आणि मासे जमले की खाणारे येतातच. माझ्या रोजच्या मोरीवर एक ढोकरी असते, ती वर्षानुवर्षं तीच आहे की तिची मुलगी-नात आहे देव जाणे. बसलेली असते तेव्हा मातकट दगड, उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख, आणि आपण म्हणतो अरे हा कुठून आला.

थांबायचं किती? दहा मिनिटं, घड्याळ लावून. पहिली तीन मिनिटं काहीच दिसत नाही आणि याच वेळी लोक निघून जातात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला चिखल हलायला लागतो. हे अगदी शब्दशः सांगतेय, ओहोटीला तिवरांच्या कडेचा चिखल बघा, तुम्ही आलात तेव्हा तो नुसता चिखल असतो, भोकं भोकं असलेला. तुमची सावली पडली की सगळं गाव बिळात गेलेलं असतं. हलू नका, हातसुद्धा हलवू नका. मग एका भोकातून दोन काड्यांवर डोळे वर येतात. मग खेकडा अर्धा बाहेर. मग पूर्ण. नराचा एक नांगा अंगापेक्षा मोठा आणि एक एवढुसा, आणि तो मोठा नांगा असा वरखाली करत राहतो की जणू लांबून कुणाला बोलावतोय, मादी जवळ यावी आणि दुसऱ्या नराने लांब राहावं म्हणून हा सगळा उद्योग. दोन-चार मिनिटांत अख्ख्या चिखलावर शेपन्नास नांगे हलायला लागतात. मी एकदा शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या अगं हे रोज इथेच असतात? हो काकू, रोज.

आणि निवटी! आपण निवटीचं कालवण खातो, बाजारात बघतो, पण जिवंत निवटी चिखलावर उड्या मारताना बघितलीय का? मासा आहे पण पाण्याबाहेर फिरतो, पुढच्या परांवर हातांसारखा जोर देऊन सरपटतो, मधेच टुणकन उडी. ओल्या कातडीतून हवा घेतो आणि गालात पाणी भरून ठेवतो. डोळे डोक्यावर, आणि ते कोरडे पडायला लागले की आत ओढून ओले करून परत वर. डोळे मिचकावणारा मासा. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभा करतात, ते दिसलं तर त्या दिवशी दहा हजार पावलं नाही झाली तरी चालेल.

आता भरती-ओहोटीचं. नवी मुंबईत पक्षी बघायचे आणि भरतीची वेळ बघितली नाही म्हणजे बंद दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहणं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीला खाडीच्या मधल्या चिखलावर चरायला असतात, लांब, ट्रॅकवरून नुसती गुलाबी रेघ दिसते. भरती आली, चिखल बुडाला की त्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं आणि मग ते आत येतात, टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागचं पाणथळ, एनआरआय कॉम्प्लेक्सची बाजू, डीपीएस शाळेमागचा तलाव. मी सुरुवातीला चार रविवार ओहोटीला गेले आणि चार वेळा हात हलवत परत आले. शेवटी एक कोळी काका जाळं आवरत होते ते म्हणाले, "पानी येवं दे ताय, तेच येतील." तासाभराने खरंच आले, डोक्यावरून, माना लांब काढून, बदकांसारखा आवाज करत, आणि सूर्य मागे असल्याने पंखाखालचा लाल-काळा रंग असा चमकला की मी मोबाईल काढायचं विसरले.

त्याच काकांनी तिथीचा हिशोब सांगितला, तो कोकणातल्या लोकांना माहीत असेल, मला नव्हता. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, म्हणजे संकष्टीला साधारण तीन वाजता भरती, पहाटेची आणि दुपारचीही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावस्येला हिशोबाने सव्वाअकरा, पण साधारण बारा धरा. खाडीत आत जाल तसं पाणी थोडं उशिरा पोचतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास धरून चाला. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते बघाच, पण कालनिर्णय भिंतीवर असतंच ना, त्यावरून आठवडा ठरवायला हे झकास.

पण इथे एक गोम आहे. सकाळी सात-साडेसातला भरती हवी तर नवमी-दशमी घ्यावी लागते, आणि ते दिवस भांगाचे, म्हणजे पाणी कमी चढतं, चिखल पूर्ण बुडत नाही, पक्षी बाहेरच राहू शकतात. उधाण पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, तेव्हा पक्षी नक्की आत ढकलले जातात पण भरती भर दुपारी बारा-एकला, एप्रिलच्या उन्हात. मी काय करते, तृतीया ते पंचमी धरते. पाणी अजून बऱ्यापैकी जोरात असतं आणि भरती दुपारी अडीच ते चारच्या मधे, साडेतीन-चारला जाऊन उभं राहायचं, पाणी उतरायला लागेपर्यंत. तोटा एकच, खाडी आपल्या पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी ऊन डोळ्यात आणि पक्षी काळे दिसतात. फोटोवाल्यांना सकाळ हवी असते. मला फोटो नको असतात, त्यामुळे मला चालतं.

महिने म्हणाल तर साधारण नोव्हेंबरपासून रोहित दिसायला लागतात, गर्दी फेब्रुवारी ते मे, आणि पाऊस लागला की निघाले गुजरातकडे, कच्छच्या रणाकडे. दोन जाती असतात. छोटा रोहित जास्त गुलाबी आणि चोच गडद लाल-काळपट, मोठा रोहित उंच, पांढरट अंगाचा, चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोक काळं. आपल्याकडे थव्यात जास्त करून छोटे असतात. मधेमधे राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, आजारी नाहीत, रंग खाण्यातून येतो त्यामुळे यायला वर्षं लागतात. चोच उलटी करून पाण्यात घालतात आणि गाळून खातात, छोटे शेवाळ, मोठे किडे-कोळंबीसारखं काही. ठाणे खाडीचा १६.९ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने आत नेतात, तीही भरतीच्या वेळेवरच सुटते. घरी पाहुणे आले असतील तर तिथे न्या, चालायला लावू नका.

पण मी खरं सांगू का, रोहित हा सगळ्यात सोपा पक्षी आहे. गुलाबी, मोठा, हजारांनी. खरी मजा बाकीच्यांची आहे आणि त्यासाठी डोळ्यांना एक सवय लावायची. तिवरांमधे सगळं उभं असतं, खोडं उभी, खालची श्वासमुळं पेन्सिलींसारखी उभी. त्यात कुठे आडवी रेघ दिसली की तिथे थांबायचं. आडवी रेघ म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी पाठ. मुंगूस मला असंच दिसलं, पाणकोंबडीही. नुसतं हिरवं-तपकिरी शोधत बसलात तर काहीच हाती लागत नाही. दुसरं म्हणजे शेपटी. ओंडक्यावर, पाण्याच्या कडेला सतत ढुंगण वरखाली करणारा छोटा पक्षी दिसला तर तो तुतवार, करडा-पांढरा, शेपटी लांब आणि हलवत पळणारा असेल तर परीट. लांब लाल पाय, काळे पंख, पांढरं अंग म्हणजे शेकाट्या, त्याला तर मुलंसुद्धा एकदा सांगितलं की विसरत नाहीत. थंडीत तलावात बदकं उतरतात, चोच फावड्यासारखी चपटी असेल तर थापट्या, शेपूट टोकदार असेल तर तलवार बदक. पाण्यात एवढासा तपकिरी गोळा दिसतो आणि बघता बघता बुडी मारून गायब होतो ती टिबुकली, ती कुठे वर येणार यावर माझी आणि माझ्या मुलीची पैज लागते आणि मी हरते.

कानही लागतात, म्हणून इअरफोन एक तरी काढा. खंड्या दिसायच्या आधी ओरडतो. टिटवी तर अख्ख्या ट्रॅकला सांगते की माणूस आला. कोतवाल-बुलबुल-साळुंक्या सगळे एकदम एकाच झुडपावर कालवा करत असतील तर खाली बघा, साप नाहीतर मांजर असतं.

कोल्हा. आता यावर सगळे विचारतात. आहे, आपल्या तिवरांमधे कोल्हे आहेत, वाशी-नेरुळ-खारघर भागातल्या कांदळवनांत लोकांनी बघितलेत, फोटो आहेत. मी आठ वर्षांत तीनदा बघितला. पहिल्यांदा कुत्राच वाटला, पण कुत्रा माणसाकडे बघतो, शेपटी हलवतो, हुंगत वाकडातिकडा जातो. हा सरळ रेषेत, मान खाली, शेपटी झुपकेदार आणि लोंबती, जसा काही ऑफिसला उशीर झालाय, आणि एकदा थांबून माझ्याकडे बघून तिवरांत शिरला. संपूर्ण प्रकार सात-आठ सेकंद. बघायचा असेल तर उजाडता उजाडता, लोक यायच्या आधी, आणि लांबवर दिसणाऱ्या सरळ तुकड्यावर. वळणावळणाच्या वाटेवर जनावर आणि तुम्ही एकदम समोर येता, सरळ वाटेवर ते दोनशे मीटरवर वाट ओलांडताना दिसतं. रेल्वे ट्रेलचा सगळ्यात मोठा फायदा हाच, ताईकडे हरणं अशीच दिसली होती. म्हणून सरळ तुकडा सुरू होतो तिथे कडेला उभं राहून आधी पूर्ण लांबी नजरेखालून घाला, मग पाऊल टाका. आणि ओल्या चिखलात ठसे बघा, कुत्र्याचे इकडेतिकडे फिरलेले असतात, कोल्ह्याचे निमुळते आणि ओळीने एका रेघेत. शंभर टक्के खात्री नाही देता येत, पण सकाळ छान जाते.

सामान फार लागत नाही. मी आधी एका प्रदर्शनातून वीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण आणली होती, विकणारा म्हणाला चंद्रावरचे खड्डे दिसतील. चंद्र जाऊद्या, समोरचा बगळा दिसेना, हात जरासा हलला की सगळं आकाश फिरायचं. ती आता माळ्यावर आहे. आठ बाय बेचाळीस अशी घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमधे, तो मोठा असला की पहाटेच्या कमी उजेडात पण बरं दिसतं. दहापटीच्या वर हातात धरून बघायची घेऊच नका. आणि वापरताना आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडा, नजर तिथून न हलवता दुर्बीण वर आणा. लोक दुर्बीण लावून मग पक्षी शोधतात आणि मान अवघडते. ओळखायला मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप आहे, आवाजावरूनही सांगतं, पण पाम बीच रोडच्या ट्रॅफिकमधे त्याचाही गोंधळ उडतो, डोळे झाकून विश्वास नको. काय दिसलं त्याची नोंद ईबर्ड या पक्षिनोंदींच्या साइटवर टाका. कपडे मळखाऊ, परफ्यूम नको, ओडोमॉस हवंच, तिवरांतले डास म्हणजे काय विचारू नका.

चिखलात उतरू नका. हे वेगळं सांगायचं कारण मी उतरले होते, निवटीचा जवळून फोटो हवा होता म्हणून. दोन पावलं बरी गेली, तिसरं गुडघ्यापर्यंत. बूट तिथेच राहिला, अजूनही तिथेच असेल, खेकड्यांनी वन आरके केला असेल त्यात. वर पाणी चढायला लागलेलं. एका वॉचमनने बांबू दिला तेव्हा वर आले, आणि तो मला अजूनही बूटवाल्या मॅडम म्हणतो.

बांधाच्या उन्हाच्या बाजूला, दगडांच्या फटीत साप असतात हे धरून चाला, सकाळी ऊन खायला येतात. पाण्याच्या कडेला दिसते ती बहुतेक दिवड, बिनविषारी, पण घोणसही आपल्याकडे आहे आणि तिला लोक अजगराचं पिल्लू समजून उचलायला जातात. अंगावर साखळीसारखे डाग आणि प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, की सरळ मागे व्हा. चावलाच कुणाला तर बांधणं-चिरणं-चोखणं काही नाही, हातपाय न हलवता थेट हॉस्पिटल. जखमी पक्षी किंवा प्राणी दिसला तर वनविभागाची हेल्पलाईन १९२६.

आता माझं गाऱ्हाणं. फ्लेमिंगो उडताना छान दिसतात म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड मारणारे, ड्रोन सोडणारे. अहो ते चिखल बुडालाय म्हणून थांबलेत तिथे, भरती उतरेपर्यंतची त्यांची विश्रांती आहे ती, प्रत्येक उड्डाणात खाल्लेलं जळतं. मान वर करून सगळे एकाच दिशेला चालायला लागले की समजायचं आपण फार जवळ आलो, दोन पावलं मागे. थंडीत खाडीपुलाजवळ आणि जेट्टीवर कुरवांना (सीगलना) गाठ्या-फरसाण टाकतात तेही तसंच. तेलकट शेव हे पक्ष्याचं खाणं आहे का? आणि माझ्या आवडत्या मोरीपैकी एक मागच्या वर्षी कुठल्याशा कामाचा राडारोडा टाकून बुजली, पाणी आत येईना, दोन महिन्यांत चिखल तडकला आणि खेकडे गेले. तक्रार केली, नंतर पाईप मोकळा झाला. अशी बुजलेली मोरी दिसली तर फोटो काढून महापालिकेच्या ॲपवर टाकाच, दहा जणांनी टाकला तर हलतं कुणीतरी.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर वाशीचा मिनी सीशोअर किंवा नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, दोन्हीकडे पक्की वाट, लाईट, टॉयलेट, आजी-आजोबांना न्यायलाही बरं. तिथले तलाव म्हणजे खरं तर होल्डिंग पॉन्ड, भरतीला खाडीचं पाणी शहरात घुसू नये आणि पावसाचं पाणी ओहोटीपर्यंत साठून राहावं म्हणून सिडकोने केलेले, पक्ष्यांना त्याचा आयता फायदा. सराव झाला की चाणक्यच्या मागे. तिवराचं पान दिसलं की उलटं करून हलकेच जीभ लावून बघा, खारट लागेल, झाड मीठ पानातून बाहेर टाकतं. मुलांना हे फार आवडतं, आयांना नाही. ठाणेकरांनी येऊरला जावं, पण ते राष्ट्रीय उद्यान आहे, बिबट्याचं घर, तिथे गेटच्या वेळा पाळायच्या आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं, माझी ही पहाटेची ट्रिक तिथे वापरू नका.

आणि रेल्वेचं निघालंच आहे तर, चालू रुळांवर जाऊन पक्षी बघायचे नाहीत. दिवा-मुंब्रा बाजूला रुळालगतच्या पाणथळीत पक्षी भरपूर असतात आणि लोक शिरतात, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दुर्बीण डोळ्याला असताना लोकलचा हॉर्न मेंदूत पोचत नाही. लोकलमधे बसून बघा की! वाशी-मानखुर्द पूल ओहोटीच्या वेळी, नाहीतर उरणची गाडी पकडून खारकोपर-बामणडोंगरी, खिडकीची सीट मिळाली तर लोकलच्या तिकिटात सफारी. रुळाच्या कडेने चालायची हौसच असेल तर माथेरान. १९०७ ची छोटी लाईन, दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्यांना बंदी, अमन लॉजपासून बाजारापर्यंत लोक लाल मातीतून लाईनच्या बाजूबाजूनेच चालतात. टॉय ट्रेन आली की कडेला व्हा, माकडांपासून पिशवी सांभाळा, आणि वर फांद्यांमधे बघत राहा, शेकरू, आपला राज्यप्राणी, एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेताना शेपटी मागे ताठ सोडतो तेव्हाच पटकन दिसतो, बसला की गेला.

पावसाळ्यात काय? लोक जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात ठेवतात. ठेवू नका. रोहित नसतात पण गायबगळे केशरी होतात, झाडांवर वसाहती भरतात, ट्रॅकच्या कडेच्या गवतात फुलपाखरं आणि चतुर येतात, आणि मोरीवर थांबायला तर त्यासारखा काळ नाही. गेल्या जुलैत छत्री घेऊन मी माझ्या त्या मोरीवर उभी होते, पाऊस थांबला होता, तो बूटवाला वॉचमन येऊन शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, रोज इथंच काय हरवतं तुमचं?" मी नुसतं बोट दाखवलं. कठड्याखाली, हाताच्या अंतरावर, खंड्या मासा चोचीत धरून तो दगडावर आपटत होता, एकदा, दोनदा, मग फिरवून डोक्याकडून गिळला. वॉचमनने सायकल स्टँडला लावली.